जुन्या पिकअपच्या कॅबचा गंजलेला फ्लोअर कसा बदलायचा (शेव्हरोले सी-१०, १९६७ ते ७२)

१९६७ ते १९७२ ची शेव्हरोले सी-१० बघायला गेलात की लोक बॉनेट उघडून इंजिन दाखवतात, तुम्ही मात्र आधी मॅट उचला. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं बाजारात मिळतं आणि बोल्ट सोडून बदलता येतं, फ्लोअर मात्र कापून, वेल्ड करूनच बदलावा लागतो, आणि मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्कसारख्या राज्यांत, जिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे पन्नास वर्षं काढलेल्या गाडीचा फ्लोअर शाबूत सापडणं कठीणच. कोरड्या ॲरिझोनाकडची गाडी असेल तर नशीब, नाहीतर पत्र्याची चाळण झालेली असते.

महाराष्ट्रात असलं काम सरळ डेंटरकडे जातं, तो पत्रा कापतो, सीओ-टू वेल्डिंग मारतो, विषय संपला. इथे अमेरिकेत बॉडी शॉपचा तासाचा रेट ऐकला की बरेच जण स्वतःच करायचं ठरवतात, आणि करता येतं, खरंच येतं, फक्त कामाचा क्रम चुकवायचा नाही. या कामात वेल्डिंग सगळ्यात अवघड असं नवीन माणसाला वाटतं, पण कॅब बिघडते ती बहुतेक वेळा वेल्डिंगच्या आधीच, कापताना. म्हणून मी खाली कापण्याच्या आधीच्या गोष्टींवर जास्त लिहिलंय, ते वाचायचा कंटाळा करू नका प्लीज.

पाणी कुठून येतंय ते आधी शोधा

फ्लोअर खालून मिठाने गंजतो हे खरं, पण या गाड्यांमध्ये अर्धा गंज वरून आलेला असतो. विंडशील्डच्या खाली बाहेरच्या बाजूला जी जाळी आहे, काउल, त्यातून पावसाचं पाणी आत जातं, दोन्ही बाजूंना उतरतं आणि पायाजवळच्या बाजूच्या पत्र्याच्या, म्हणजे किक पॅनलच्या, आतून खाली निघून जातं, निदान जायला तरी हवं. झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे वर्षानुवर्षांचा पाचोळा साठून ओला चिखल होतो, पाणी अडतं आणि किक पॅनल, फ्लोअरचा पुढचा कोपरा, रॉकर (दाराचा उंबरा) हे तिन्ही आतून एकदम सडतात. विंडशील्डचं रबर कडक झालेलं असलं तर डॅशच्या मागून पाणी झिरपतं. पॅसेंजरच्या पायाशी ओल असेल आणि गोडसर वास येत असेल तर ते पाणी नाही, हीटरचा कोर गळतोय, कूलंट आहे ते. ड्रायव्हरच्या बाजूला पेडलच्या वर फायरवॉलचा (इंजिन आणि कॅबच्या मधल्या पत्र्याचा) रंग सोलून निघालेला दिसला तर ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधून फ्लुइड गळतंय, ब्रेक फ्लुइड रंग खातं आणि मग उघडा पत्रा गंजतो. आणि मॅटच्या खाली जो तागाचा जाड थर असतो तो हे सगळं पाणी धरून ठेवतो, वरून मॅट कोरडी आणि खाली महिनाभर ओल.

हे शोधल्याशिवाय नवीन पत्रा लावू नका. एकाला आत स्टिअरिंगपाशी टॉर्च घेऊन बसवा, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, आधी दाराच्या खालच्या बाजूला, मग हळूहळू वर वर, काउल आणि विंडशील्ड सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच पाणी दिसतं आणि काहीच कळत नाही.

गंज किती आहे ते बघणं

आतली मॅट, ताग, डांबरासारखा चिकटवलेला आवाज दाबायचा थर सगळं खरवडून काढा. वायर ब्रशने पापुद्रे उडवा आणि मग जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन टोचत जा, दाबून टोचा, जिथे पत्रा दबतो किंवा आरपार जातो तिथे मार्करने खूण. हेच खालूनही करायचं, गाडी सपाट जमिनीवर मजबूत स्टँडवर ठेवून, नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही.

कडेने किमान चार बोटं चांगला, जाड पत्रा मिळेपर्यंत खूण बाहेर बाहेर नेत राहा, कारण शेवटी तुम्हाला चांगल्या पत्र्यालाच वेल्ड करायचंय, गंजलेल्या कडेवर वेल्डिंगचा आर्क पडला की तो कागदासारखा जळून भोक मोठं होत जातं. तळहाताएवढं एकच भोक असेल तर ठिगळ पुरेल. पण सी-१० मध्ये सहसा पुढचा कोपरा गेलेला असतो, त्याच्याबरोबर आतला रॉकर, बाहेरचा रॉकर, किक पॅनलचा खालचा भाग आणि फ्लोअरच्या खालचा आडवा सपोर्ट, ज्यावर कॅब चेसिसला बसते. मागे कॅबचे कोपरेही बघा, तेही ह्या गाडीचं ठरलेलं दुखणं. हे सगळं एकमेकांना जोडलेलं आहे, एक तुकडा बदलून बाजूचा सडका ठेवला तर दोन हिवाळ्यांत परत तिथेच याल.

सी-१० चा फायदा असा की हे सगळे पॅनल नवीन तयार मिळतात, डावा फ्लोअर, उजवा फ्लोअर, आतला-बाहेरचा रॉकर, सपोर्ट, कोपरे, सगळं. रॉकरमध्ये एक स्वस्त प्रकार मिळतो जो जुन्या रॉकरवरच चढवायचा असतो, तो घेऊ नका. आतला गंज तसाच राहतो, वर नवीन पत्र्याची खोळ, आणि दोन्हीच्या मध्ये पाणी. पूर्ण रॉकर घ्या. पॅनल हातात आल्याशिवाय काहीही कापायचं नाही, कारण नवीन पॅनल जुन्याशी तंतोतंत जुळत नाहीत, कुठे घडी थोडी वेगळी, कुठे भोक सरकलेलं, जुनं जागेवर असतानाच शेजारी धरून मोजलं की आधीच कळतं.

स्वतः ठिगळ करणार असाल तर पत्रा १८ गेजचा घ्या, साधारण १.२ मिलिमीटर. सपोर्टसाठी १६ गेज, दीड मिलिमीटर. २० गेज स्वस्त आणि वाकवायला सोपा असतो पण पायाखालच्या जागेला मला तो पातळ वाटतो आणि नवीन हाताला तर वेल्ड करायलाही अवघड.

पेट्रोलची टाकी, हा भाग दोनदा वाचा

या पिढीच्या सी-१० मध्ये पेट्रोलची टाकी कॅबच्या आत आहे, सीटच्या पाठीमागे. १९७३ च्या नवीन मॉडेलपासून ती बाहेर गेली. म्हणजे तुम्ही जिथे ग्राइंडरच्या ठिणग्या उडवणार, तिथून हातभरावर टाकी. "थोडंच पेट्रोल आहे", "रिकामी आहे", "ओलं पोतं टाकतो वर", यातलं काहीही चालणार नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते कारण वाफ आणि हवा मिसळून स्फोट होतो.

आधी बॅटरी काढा, नुसती वायर नाही, बॅटरीच काढून बाजूला ठेवा. सीट काढा. गॅरेजचं दार उघडून, आसपास हीटर किंवा गॅसचा गीझर चालू नाही ना ते बघून पेट्रोल त्यासाठीच्या मान्यताप्राप्त डब्यात काढा, भरायची नळी, व्हेंटचा पाइप, गेजची वायर सोडा, टाकी उचला आणि गॅरेजच्या बाहेर न्या, कोपऱ्यात ठेवून काम सुरू नको. इंजिनकडे जाणाऱ्या पेट्रोल लाइनचं तोंड बुच लावून बंद करा. फ्लोअरच्या खाली चेसिसवरून ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप जातात, कापायच्या आधी खाली जाऊन ते नेमके कुठे आहेत ते बघून घ्या आणि वेल्डिंग ब्लँकेटने झाका. वायरिंग सोडून वर बांधून ठेवा.

अजून काही. पार्ट साफ करायला जो ब्रेक क्लीनरचा स्प्रे वापरतात त्यातल्या क्लोरीनवाल्या प्रकारावर वेल्डिंगचा आर्क पडला की फॉसजीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो, तो वेल्डिंगच्या जागी वापरूच नका, ॲसिटोनने पुसा आणि पूर्ण सुकू द्या, डबा लांब ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा घासताना साधा कापडी मास्क नाही, फिल्टरवाला रेस्पिरेटर घाला. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्ड करायची वेळ आली तर जस्त घासून काढा, त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि वेल्डिंग थांबवल्यावर निदान अर्धा तास गॅरेज सोडून जायचं नाही, डांबराचा थर उशिरा पेटतो.

मोजमाप आणि आधार

कॅबचा आकार फ्लोअर आणि रॉकरने धरून ठेवलेला असतो. ते कापलंत की दाराचा चौकट मोकळा होतो आणि काही मिलिमीटर जरी उघडला किंवा मिटला तरी नंतर दार लागत नाही, आणि ते मग पुट्टीने, हातोडीने, कशाने नीट होत नाही, केलेलं वेल्डिंग परत कापावं लागतं.

म्हणून दार लावलेल्या अवस्थेत चारी बाजूंच्या फटी मोजा, फोटो काढा, आणि पत्र्यावरच टेप चिकटवून आकडे लिहा. बिजागरीच्या खांबाच्या वरून लॉकच्या खांबाच्या खालपर्यंत तिरकं माप, मग उलटं तिरकं. बिजागऱ्या झिजून दार लोंबत असेल तर पिना आणि बुश आधी बदला, लोंबणाऱ्या दाराची फट मोजून काही उपयोग नाही. गाडी समतल पाहिजे, चेसिसला चार ठिकाणी सारखा आधार. नवीन माणसाने कॅब चेसिसवरून उतरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, चेसिसला बोल्टने बसलेली कॅब आपोआप जागेवर राहते. फक्त कॅब माउंटच (कॅब चेसिसला बोल्टने बसते ती जागा) सडला असेल तर कॅबच्या चांगल्या भागाखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक देऊन तेवढंच वजन घ्या, वर उचलू नका.

आता एक इंची चौकोनी पाइप घेऊन दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत दोन आडवे, एक तिरका, आणि कॅबच्या आत डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत एक असे टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून लावा. पाइप थोडे आतल्या बाजूला घ्या म्हणजे ते असतानाही दार उघडता-लावता येईल, तुम्हाला पुढे दहा वेळा दार लावून बघावं लागणार आहे. दाराच्या खांबावरच गाडीच्या ओळख क्रमांकाची, म्हणजे व्हीआयएनची, छोटी पट्टी रिवेट केलेली असते, ती काढायची नाही, तिच्याजवळ वेल्ड किंवा ग्राइंड करायचं नाही, अमेरिकेत त्या नंबरशी छेडछाड हा फेडरल गुन्हा आहे. टेपने झाकून ठेवा.

आणि एका वेळी एकच बाजू. ड्रायव्हरची बाजू पूर्ण वेल्ड होऊन दार नीट लागलं की मगच पॅसेंजरची बाजू कापायची, दोन्ही एकदम कापायचा मोह कितीही झाला तरी.

कापणं

नवीन पॅनल जुन्यावर ठेवून कडेने रेघ मारा आणि रेघेच्या आत इंचभर सोडून कापा. नंतर कमी करता येतं, वाढवता येत नाही. कटिंग व्हीलने फक्त पत्र्याच्या जाडीइतकं खोल जायचं, खाली सपोर्ट किंवा पाइप असतील. जिथे फ्लोअर सपोर्टला किंवा रॉकरला स्पॉट वेल्डने जोडलाय तिथे पत्रा घासला की गोल गोल ठसे दिसतात, प्रत्येकाच्या मध्ये पंच मारा आणि स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा कापला जाईल इतकंच ड्रिल करा, मग पातळ छिन्नीने उचकटा. हे काम कंटाळवाणं आहे पण खालची पट्टी शाबूत राहिली तर नवीन पॅनल बसवणं निम्म्याने सोपं होतं. काढलेले तुकडे कितीही सडके असले तरी काम पूर्ण होईपर्यंत फेकू नका, भोकं आणि घड्या कुठे होत्या ते त्यांच्यावरूनच कळतं.

आत जे उघडं पडेल ते चकचकीत होईपर्यंत घासा. जिथे ब्रश पोचत नाही तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज काढायचं औषध लावून डब्यावर लिहिलंय तसं धुऊन पूर्ण सुकवा. किक पॅनलच्या आतला पाचोळा आत्ताच काढून टाका, परत ही जागा इतकी उघडी मिळणार नाही.

बसवून बघणं

क्रम असा ठेवा: आधी फ्लोअरखालचा सपोर्ट, मग आतला रॉकर आणि फ्लोअर, मग बाहेरचा रॉकर, किक पॅनल आणि शेवटी मागचा कोपरा. पण वेल्ड करायच्या आधी हे सगळं क्लॅम्प आणि पत्र्याच्या स्क्रूने नुसतं बसवून दार लावून बघा. फटी लिहिलेल्या आकड्यांशी जुळतात का, रॉकर दाराच्या खालच्या कडेला समांतर आहे का, कॅब माउंटचा बोल्ट सरळ जातोय का, सीटचे बोल्ट आणि सीटबेल्टची भोकं जागेवर येतात का. नाही जुळलं तर काढा, घासा, वाकवा, परत लावा. अख्ख्या कामाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जाऊ द्यावा.

सपाट जागी नवीन पत्रा जुन्यावर अर्धा-पाऊण इंच चढवून जोडला तर चालतो, फ्लोअरला तेच सोपं, फक्त खालून उघडी कड पुढच्या चाकाच्या पाण्याच्या झोताकडे तोंड करून ठेवू नका. बाहेरून दिसणाऱ्या कोपऱ्याला मात्र कडेला कड लावूनच जोडा.

मग पॅनल काढून, जिथे तो सपोर्टवर आणि रॉकरच्या पट्टीवर बसतो तिथे आठ मिलिमीटरची भोकं पाडा, दर दीड इंचावर एक, हीच भोकं वेल्डने भरून जुन्या स्पॉट वेल्डची जागा घेणार. एकमेकांवर दबणाऱ्या दोन्ही पृष्ठभागांना जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरून वेल्ड करता येतं असा) पातळ मारा आणि भोकाच्या आत जिथे वेल्ड पडणार तेवढा घासून काढा.

वेल्डिंग

मिग मशीन (वायर आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन), ०.६ मिलिमीटरची ईआर७०एस-६ वायर, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा गॅस, मिनिटाला दहा-बारा लिटर. नुसता कार्बन डायऑक्साइडही चालतो पण पातळ पत्र्यावर जास्त भडकतो. गॅसशिवायची फ्लक्स वायर इथे नको, भोकं पडतात. सेटिंग मशीनच्या झाकणावर दिलेलं असतं, पण विश्वास स्वतःच्या सरावावर ठेवा: कापलेल्या चांगल्या पत्र्याचे तुकडे घ्या, भोक पाडा, भरा, मग पक्कडने ओढून फाडा. वेल्ड सुटून आला तर करंट कमी पडतोय, वेल्डभोवतीचा पत्रा फाटून खालच्या तुकड्यावर गोळा राहिला तर बरोबर. असे पाठोपाठ चांगले यायला लागेपर्यंत गाडीला हात लावू नका.

भोक भरताना आर्क खालच्या पत्र्याच्या मध्यावर सुरू करून गोल फिरवत बाहेर या. दोन पत्रे एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत, मध्ये फट असेल तर वेल्ड वरच बसतो. कडेच्या जोडाला सलग लाइन ओढायची नाही, आधी दर दोन इंचावर टॅक, मग दोन टॅकच्या मध्ये एक, एकदा पुढे, एकदा मागे, एकदा दुसऱ्या टोकाला, असं उड्या मारत. हात ठेवता येईल इतकं गार झाल्याशिवाय त्याच जागी परत जायचं नाही. घाई केली की पत्रा लाटेसारखा उठतो आणि दाराची फट सरकते. पाणी मारून गार करू नका. भोक पडलंच तर मागे तांब्याचा तुकडा धरून भरा, तांब्याला वेल्ड चिकटत नाही. मधूनमधून दार लावून बघत राहा, सगळं झाल्यावर नाही.

अर्थ क्लॅम्प वेल्डच्या जवळ, चकचकीत पत्र्यावर लावा. सीटबेल्ट जिथे बोल्ट होतो ती जागा आणि कॅब माउंट, या दोन ठिकाणी स्वतःच्या वेल्डबद्दल थोडी जरी शंका असली तर टॅक मारून जागा पक्की करा आणि अनुभवी वेल्डर बोलावून पूर्ण करून घ्या. तिथे माणसाचा जीव टांगलेला असतो.

गंज परत येऊ नये म्हणून

वेल्ड फ्लॅप डिस्कने घासा, पण पत्रा पातळ होईपर्यंत नाही, फ्लोअरवर वेल्डचा उंचवटा दिसला तरी काही बिघडत नाही, वर मॅट येणार आहे. पुट्टीची इथे काही गरज नाही. ॲसिटोनने पुसून दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, वरून आणि खालून. त्याच्यावर, उघड्या पत्र्यावर नाही, प्रत्येक जोडाला सीम सीलर (जोडाची फट बुजवणारा लेप), दोन्ही बाजूंनी, बोटाने किंवा ब्रशने दाबून. मग रंग. गॅरेज थंड असेल तर इपॉक्सी नीट पकडत नाही, इथल्या जानेवारीत हे काम करू नका किंवा पत्रा गरम ठेवायची सोय करा, हवा नाही, पत्रा. हार्डनरवाला युरेथेन रंग स्प्रे करणार असाल तर त्यातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनाला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा देणारा मास्क लागतो, नाहीतर ब्रशने लावता येणारा चेसिस पेंट निवडा.

रॉकरच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारा, तो जोडांमध्ये झिरपत जातो. रॉकरच्या तळाला जी भोकं असतात ती पाणी निघायची आहेत, सीलर किंवा वॅक्सने बुजली असतील तर तारेने मोकळी करा. खालून डांबरी अंडरकोटिंगचा जाड थर देऊ नका, काही वर्षांनी त्याला तडे जातात, मिठाचं पाणी आत जाऊन बसतं आणि बाहेरून सगळं छान काळं दिसत राहतं. लॅनोलिनचं किंवा वॅक्सचं कोटिंग दर वर्षी मारावं लागतं, पण खालचा पत्रा डोळ्यांना दिसतो.

आता आधारासाठी टॅक केलेले चौकोनी पाइप कापा, टॅक घासून तिथेही प्रायमर लावा आणि परत तीच पाण्याची टेस्ट, खालून वर. कोरडं राहिलं तर काही आठवडे मॅट न टाकता गाडी चालवा, पावसात एकदा तरी. ताग परत घालायचा नाही, पाणी न शोषणारा क्लोज्ड-सेल फोम मिळतो तो घाला.

टाकी सगळ्यात शेवटी. भरायच्या नळीचं रबर, व्हेंटचा पाइप, क्लॅम्प सगळे नवीन घ्या, ही टाकी तुमच्या पाठीमागे आत आहे, जुनं रबर परत वापरून पैसे वाचवायची ही जागा नाही. एक-दोन गॅलन पेट्रोल घालून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, मग काचा बंद करून गाडी रात्रभर ठेवा, सकाळी दार उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर जोड परत तपासा. पहिले शंभरेक मैल झाले की कॅब माउंट, सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट एकदा परत आवळा, नवीन रबर बसलं की ते थोडे सैल होतात.